डीएओच्या मतदानात व्होटिंग पॉवर शून्य दाखवतंय, आणि कोरम कमी करायच्या प्रस्तावावर काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. आम्ही चारपाच जण मिळून एका डीएओसाठी (ब्लॉकचेनवर चालणारी, सभासदांच्या मतदानाने निर्णय घेणारी संस्था) मराठी-कोंकणी डॉक्युमेंटेशन करतो (नाव मुद्दाम देत नाही, उगाच तिकडे वाद नको) आणि मानधन त्यांच्या गव्हर्नन्स टोकनमध्ये, म्हणजे मताचा हक्क देणाऱ्या क्रिप्टो टोकनमध्ये मिळतं. पुढच्या कामाचा प्रस्ताव टाकलेला, विरोधात जवळजवळ कोणीच नव्हतं तरी पडला, कारण कोरम (मंजुरीला लागणारी किमान मतं) भरला नाही. कोरम एकूण टोकनच्या ४%, मतदान तीन दिवस, आणि ते तीन दिवस नेमके चवथीत (गणेशचतुर्थीत) आले, म्हणजे आमच्यातलेच अर्धे गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधण्यात गुंतलेले. मी मात्र वेळ काढून मत द्यायला बसलो तर व्होटिंग पॉवर शून्य! टोकन वॉलेटमध्ये दिसतायत, विकले नाहीत, कुठे स्टेक केले (व्याजासाठी अडकवले) नाहीत, मग शून्य कसं?

दुसरं म्हणजे आता कोणीतरी कोरम ४ वरून २% करायचा प्रस्ताव आणलाय. आमचं काम अडलंय म्हणून हो म्हणावंसं वाटतं, पण मग चार मोठी वॉलेटं मिळून काहीही पास करतील ना? काका कोमुनिदादीच्या (गोव्यातल्या गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) सभांना जातात, त्यांना समजावलं तर म्हणाले आमच्याकडे गावकार (सभासद) जन्माने होतो, तुमच्याकडे सगळेच शेअरवाले दिसतात. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
शून्याचं उत्तर सोपं आहे, तुम्ही डेलिगेट केलेलं नाही, म्हणजे मताचा हक्क कोणाच्या नावावर लावलेला नाही. कंपाउंड, युनिस्वॅप आणि त्याच धर्तीच्या टोकनांत नुसतं टोकन असून मत मिळत नाही, आधी ते कोणाला तरी डेलिगेट करावं लागतं, स्वतःच मत द्यायचं असेल तरी स्वतःच्याच पत्त्यावर. प्रत्येक ट्रान्सफरला मतांचा हिशोब ठेवला तर गॅस (व्यवहाराची फी) फुकट जातो म्हणून हे असं केलंय. आणि डेलिगेशन मतदान सुरू व्हायच्या आधी हवं, कारण तेव्हाच्या ब्लॉकला (ब्लॉकचेनवरच्या त्या क्षणाच्या नोंदीत) जेवढी पॉवर असते तेवढीच त्या प्रस्तावाला धरतात, नंतर केलं तर पुढच्या वेळेलाच उपयोग. कटकट वाटते पण कारण आहे. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक या क्रिप्टो प्रकल्पात एकाने फ्लॅश लोन (एकाच व्यवहारात घेऊन फेडायचं कर्ज) काढून त्याच व्यवहारात मत दिलं, प्रस्ताव पास केला आणि तिजोरी साफ केली, सुमारे १८.२ कोटी डॉलरचं नुकसान.

प्रतिसाद २:
कोरमबद्दल माझं मत जरा वेगळं. कोरम मोठ्या वॉलेटना अडवतो हा गैरसमज आहे. जुलै २०२४ चा कंपाउंडचा प्रस्ताव २८९ बघा, ४,९९,००० कॉम्प (कंपाउंडचं टोकन), म्हणजे साधारण २.४ कोटी डॉलर, एका गटाच्या व्हॉल्टमध्ये (फंडात) पाठवायचे होते. तिथला कोरम ४ लाख, बाजूने पडली ६.८२ लाख आणि विरोधात ६.३३ लाख मतं, म्हणजे कोरम आरामात ओलांडून पास झाला, तोही वीकेंडला. मग आरडाओरडा झाला आणि समझोता होऊन रद्द केला. रद्द करायला वेळ मिळाला तो टाइमलॉकमुळे, म्हणजे पास झाल्यावर अंमल होण्याआधी सक्तीने थांबायच्या मुदतीमुळे. त्यामुळे तुमच्याकडे टाइमलॉक किती दिवसांचा आहे ते आधी बघा, आणि २% ऐवजी मतदानाचा काळ वाढवायची मागणी करा, कोरम शेवटच्या क्षणी भरला तर मुदत आपोआप वाढते असं एक्स्टेन्शनही ओपनझेपेलिनकडे (डीएओंसाठी तयार कोड देणारी लायब्ररी) तयार मिळतं. चवथीचा प्रश्न त्यानेच सुटेल हो.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: ओपनझेपेलिनच्या साध्या मोजणीत कोरममध्ये 'हो' आणि 'तटस्थ' धरतात, 'नाही' धरत नाहीत. एखाद्या प्रस्तावाला विरोध असेल आणि तुम्ही भिडेखातर 'तटस्थ' मत दिलंत तर उलट त्याचा कोरम भरायला मदत करताय. कंपाउंडच्या त्या वेळच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तर फक्त 'हो' धरायचे. तुमच्या डीएओच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (मतदान चालवणाऱ्या कोडमध्ये) नक्की काय आहे ते वाचून मगच बटण दाबा.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे! सेल्फ डेलिगेट आज रात्रीच करतो. आमच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनी मला डेलिगेट केलं तर त्यांचे टोकन अडकणार तर नाहीत ना?

प्रतिसाद १:
नाही अडकत. टोकन त्यांच्याच वॉलेटमध्ये राहतात, विकू पण शकतात, फक्त मत तुमच्याकडे येतं आणि वाटेल तेव्हा परत काढून घेता येतं. प्रत्येकाला एकदाच गॅस पडेल तेवढाच खर्च.