मदत हवी आहे: टी-८ सी-१२ मधून आयन उशिरा का सुटतात?

टायटॅनियमचे ८ आणि कार्बनचे १२ अणू असलेल्या, १९९२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ कॅसलमन यांच्या गटाला सापडलेल्या 'मेटकार' या धातू-कार्बन पुंजक्यावर (क्लस्टर) वाचतेय. त्यावर मारलेला लेझरचा झोत नॅनोसेकंदांत संपतो, तरी वस्तुमान-आलेखात ५२८ च्या (म्हणजे अख्ख्या पुंजक्याच्या वस्तुमानाच्या) शिखरामागे लांब शेपूट उरतं, म्हणजे काही आयन उशिरा तयार होतात. तापलेल्या फिलामेंटसारखा इलेक्ट्रॉन सावकाश निसटतो, म्हणजे उष्मीय उत्सर्जन, हे पटतं. पण धातूचा सुटा आयनही उशिराच बाहेर पडतो! इथे मी दोन दिवस अडकलेय. आधीच आयन झालेला पुंजका तुटतो, की उदासीन पुंजकाच थेट धन आयन टाकतो? आयनांना शोधकाकडे खेचणारं विद्युतक्षेत्र उशिरा लावून हे वेगळं ओळखता येईल का? कुणी असं मोजमाप केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.