मदत हवी आहे: ईशापूर २ए१ रायफलवरचे पुसट शिक्के

टेक्सासमध्ये डीलरकडून रीतसर घेतलेली ७.६२ मिमीची ईशापूर २ए१ आहे. बट सॉकेटवर (लाकडी दस्ता जिथे बसतो तो धातूचा भाग) उजवीकडचे शिक्के जाड काळ्या रंगाखाली बुजलेत. अशोकाचे सिंह आणि आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर) कसंबसं लागतं, पण सालातला शेवटचा आकडा ६ की ८ ते कळेना.

टॉर्च आडवा धरून फोटो काढले. पांढरा खडू घासला, तर तो रंगाच्या खड्ड्यांतही बसतो आणि सगळंच पांढरं! रंग मूळचाच वाटतो, त्यामुळे ॲसिटोन, पॉलिश, स्टील वूल नको. पुन्हा कोरणं तर नाहीच. जे भरू ते नंतर निघायला हवं.

लॅकर स्टिक (कोरलेल्या अक्षरांत रंग भरायची कांडी) अशा जुन्या रंगावर कुणी वापरली आहे का? वाळल्यावर मिनरल स्पिरिटने ती निघते का, की खालचा रंगही उचलते?