बी विंग ग्रुप : ४०३ चा गळका शॉवर

बी ४०३ : नमस्कार. शॉवर बंद केला तरी रात्रभर ठिबकतोय. बादली लावली होती, सकाळी पाऊण भरलेली. प्लंबर म्हणतो आतली बॉडी गेली, टाइल फोडावी लागेल. कुणाकडे त्या जुन्या निळ्या टाइल्स उरल्यात का?

बी १०१ : बिल्डरच्या वेळच्या त्या. आता कुठल्या मिळायला!

बी २०२ : थांबा हो, फोडाफोडी नंतर. नॉब किती फिरतो ते सांगा आधी.

बी ४०३ : म्हणजे कसं काका?

बी २०२ : पूर्ण उघडायला दोन-तीन फेरे लागतात, की पाव-अर्ध्या फेऱ्यात काम होतं? फेरे लागत असतील तर आत रबरी वायसरचा स्पिंडल, म्हणजे नॉबबरोबर फिरणारा पितळी दांडा. पाव-अर्ध्यात उघडत असेल तर सिरॅमिक डिस्क. त्यात वायसर शोधत बसू नका, अख्खं कार्ट्रिजच बदलतात.

बी ४०३ : दोन्ही नॉबना तीन-तीन फेरे.

बी २०२ : मग वायसर, नाहीतर तो जिथे टेकतो ती सीट. चालू असताना नॉबच्या मुळाशी पाणी आलं असतं तर ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचं पॅकिंग, म्हटलं असतं. आता गीझरचा अँगल कॉक बंद करा. थोड्या वेळाने ठिबकणं थांबलं तर गरमची बाजू.

बी ३०४ : आमच्याकडे शॉवर लावला की खालच्या तोटीतूनही धार येते. तेही वायसर का?

बी २०२ : नाही, ते डायव्हर्टर, पाणी शॉवरकडे की तोटीकडे ते ठरवणारा मधला नॉब. वेगळं दुखणं, नंतर बघू.

बी १०१ : गेटसमोर पांढरी स्कूटर कुणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

बी ४०३ : थांबलं काका! गरमची बाजू.

बी २०२ : छान. आता डक्टमधला व्हॉल्व्ह बंद करा, पण जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर झटापट नको. तुटला तर खालचे तीन मजले तुमच्या नावाने आंघोळ करतील. फिरला नाही तर मला सांगा, गच्चीवरून बंद करू. मग लाल टिकली नखाने उचका, खाली स्क्रू असतो. नॉब, मग कव्हर काढा. स्पिंडल सोडवण्याआधी तो उघडा ठेवा, नाहीतर वायसर सीटवर दाबलेला राहतो. पाना लावताना कापड गुंडाळा आणि आधी मोरीच्या जाळीवर फडकं टाका.

बी ४०३ : स्क्रू जाळीत गेला. शेवटचं वाक्य आधी लिहायला हवं होतंत.

बी २०२ : 😄 स्पिंडल निघाला का?

बी ४०३ : निघाला. फोटो टाकलाय. वायसरवर गोल खाच पडलीय आणि पितळेवर पांढरा थर.

बी २०२ : बोअरच्या पाण्याचे क्षार. वायसर आणि ओ-रिंग काढून ठेवा, पितळ कोमट पाण्यात लिंबूफूल घालून अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. सीटवर बोट फिरवून बघा, खड्डा लागतोय?

बी ४०३ : नाही, गुळगुळीत आहे.

बी २०२ : वाचलात. खड्डा असता तर सीट घासायचं हत्यार मागवावं लागलं असतं. जुना स्पिंडल खिशात घालून रविवार पेठेत बोहरी आळीत जा, वायसर तिथं मिळेल. नवीन स्पिंडल घ्यायचाच झाला तर टोकावरचे दाते मोजून घ्या. एक दाता इकडे-तिकडे झाला की तुमचा नॉब त्यावर बसत नाही. आणि आत व्हॅसलीन नको, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावा.

बी ४०३ : संध्याकाळचे ७. वायसर, ओ-रिंग आणि स्क्रू, तिन्ही मिळून दोन चहाच्या पैशांत. बादली दीड तास कोरडी आहे.

बी २०२ : ग्लँड नट करकचून आवळला नाहीत ना? नॉब बोटांनी फिरायला हवा.

बी ४०३ : फिरतोय. प्लंबरला उद्या येऊ नको म्हणून कळवलं.

बी ३०४ : काका, आमचा डायव्हर्टर?

बी २०२ : मधला नॉब शॉवरकडे पूर्ण वळतो, की अर्ध्यात अडकतो? आणि जाळीवर आत्ताच फडकं टाका.