शुक्राणू कमी म्हणून सरसकट अँटिऑक्सिडंट गोळ्या द्याव्यात का?

धागाकर्ता: माझा मावसभाऊ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत भट्टीवर काम करतो. लग्नाला चार वर्षे होऊनही मूल नाही म्हणून वीर्यतपासणी केली, तेव्हा शुक्राणूंची संख्या प्रतिमिलिलिटर 90 लाख आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत किमान संदर्भमर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. एका दवाखान्यात त्याला झिंक, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपीन अशी अँटिऑक्सिडंटांची, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या घटकांची, नावे छापलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या देण्यात आल्या. मावशी त्या देवघरातल्या कोनाड्यात ठेवते आणि रोज सकाळी त्याच्या हातावर देते. परंतु त्याला उभे करून व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, तपासले नाही, वीर्यतपासणी दुसऱ्यांदा केली नाही आणि तो काम काय करतो, हेही विचारले नाही. गोळी ही तपासणीची जागा घेऊ लागली आहे, एवढीच माझी तक्रार आहे.

प्रयोगशाळेतला: तक्रार रास्त आहे, गोळीवरचा राग मात्र अनाठायी वाटतो. जास्त ऑक्सिजनमध्ये मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते, हे संशोधक जॉन मॅक्लिऑड यांनी 1943 मध्येच दाखवले होते. शुक्राणूच्या आवरणात सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले भरपूर असतात, आणि पेशीद्रव जवळजवळ नसल्यामुळे बचावाची विकरे तुटपुंजी असतात. म्हणून त्याला वीर्यद्रवातील अँटिऑक्सिडंटांवर विसंबावे लागते. वैद्यकीय चाचण्यांचा पुरावा एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात 90 अभ्यास आहेत, त्यांत काही फायदा दिसतो. मूल हवे असलेल्या जोडप्याला तेवढाही आधार का नाकारायचा?

धागाकर्ता: त्याच आढाव्यात तो पुरावा अगदी कच्चा असल्याचेही म्हटले आहे. 2020 मध्ये अमेरिकेत दोन चांगल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत 171 जोडप्यांतील पुरुषांना मिश्र अँटिऑक्सिडंट किंवा निष्क्रिय गोळी दिली, तेव्हा तीन महिन्यांनी शुक्राणूंची संख्या, गती आणि त्यांच्यातील डीएनएचे तुकडे होण्याचे प्रमाण यांपैकी कशातही सुधारणा आढळली नाही. दुसरीत 2,370 जोडप्यांतील पुरुषांना झिंक व फॉलिक ॲसिड दिले. अपत्यजन्माचे प्रमाण 34 विरुद्ध 35 टक्के राहिले, उलट गोळी घेणाऱ्यांत डीएनएचे तुकडे किंचित वाढले आणि पोटाच्या तक्रारीही जास्त आढळल्या. शिवाय अंडपेशीत शिरण्यापूर्वी शुक्राणूला जी तयारी करावी लागते, तिला थोडे ऑक्सिडीकरण लागतेच. ते पुसून टाकणे म्हणजे मीठ जास्त झाले म्हणून रस्सा अळणी करण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेतला: दुसऱ्या चाचणीत शुक्राणूंची संख्या चांगली असलेले पुरुषही होते, त्यामुळे ती आपल्या भावाला जशीच्या तशी लागू पडत नाही. ज्याच्या वीर्यात ऑक्सिडीकरणाचा ताण मोजून सिद्ध झाला आहे, अशांनाच निवडून गोळी द्यावी, इतके तरी आपण मान्य कराल.

भट्टीवाला: मी मेल्टिंगला अकरा वर्षे काढली. वृषणाला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. आम्ही दिवसभर वितळलेल्या लोखंडासमोर उभे असतो आणि वर तोंडात तंबाखूचा मावा असतो. साहेब, गोळीला महिन्याला पैसे लागतात हे खरे, पण भट्टी सोडून दुसऱ्या खात्यात गेलो तर त्याहून जास्त पगार तुटतो. तो सल्ला देणाऱ्याने याचाही हिशेब मांडावा.

धागाकर्ता: निवडून देण्याला माझी हरकत नाही. पगाराच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. भावाने तूर्त मावा सोडला आहे. सुट्टीच्या दिवशी व्हेरिकोसीलची तपासणी करायची आणि, शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस लागतात म्हणून, तीन महिन्यांनी पुन्हा वीर्यतपासणी, असे ठरले आहे. गोळ्या मावशी देतेच आहे.