'संकेतमार्ग' वाचून लोकांना नळी का दिसते?

अनुस्वार: रुग्णांसाठीच्या पत्रकाच्या भाषांतरात वाक्य आहे, 'टीजीएफ-बीटा संकेतमार्गामुळे अन्ननलिकेचा कॅन्सर पसरतो.' टीजीएफ-बीटा हा पेशींना संदेश देणारा रेणू, पण वाचणाऱ्यांना वाटलं, या नावाची नळी असते आणि तिच्यातून कॅन्सर यकृतात जातो. सिग्नलिंग पाथवे म्हणजे पेशीत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे संदेश जाण्याचा क्रम. त्याला 'मार्ग'ऐवजी काय म्हणावं?

तिरकस: आधी 'संकेत' काढा. मराठीत संकेत म्हणजे रूढी, नाहीतर प्रेमिकांची ठरलेली खूण. संकेतस्थळ आधी राधेचं, मग वेबसाइटचं. 'संदेशवहन' म्हणा.

खलबत्ता: घोळ 'मार्ग'चाच आहे, कारण या आजारात खरेखुरे रस्तेही आहेत. अन्ननलिकेच्या आतल्या थरांतच लसीकावाहिन्यांचं, म्हणजे लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांचं, उभं जाळं असतं, त्यामुळे कॅन्सरच्या पेशी वर मानेतल्या किंवा खाली पोटातल्या लसीकाग्रंथींपर्यंत लवकर पोचतात. छातीतल्या भागाला सेरोसाचं, म्हणजे बाहेरच्या पातळ पडद्याचं, आवरण नसतं, म्हणून गाठ थेट श्वासनलिकेतही घुसते. टीजीएफ-बीटाच्या संदेशाचं काम मात्र पेशीच्या आत चालतं. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटला की ग्राही आतल्या स्मॅड प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात, स्मॅड केंद्रकात जातात, स्नेल नावाचं प्रथिन वाढतं आणि स्नेल ई-कॅडहेरिनचा जनुक दाबतं. ई-कॅडहेरिन म्हणजे शेजारणीचा धरलेला हात. तो सुटला की पेशी निघाली. म्हणून 'साखळी'.

ओवी: साखळी कशाला, सरळ 'खो' आहे! अशाच दुसऱ्या एका संदेशात प्रथिनं एकमेकांना खो देतात: रास रॅफला, रॅफ मेकला, मेक अर्कला.

खलबत्ता: खो एकालाच मिळतो आणि देणारा खाली बसतो. इथे एक रॅफ कितीतरी मेकवर फॉस्फेट चढवतो. संदेश पुढे जाताना मोठा होतो.

तिरकस: मग 'उतरंड'. उतरणे वरूनच आलाय, संदेश खाली उतरतो.

अनुस्वार: ही व्युत्पत्ती तुमची घरगुती. उतरंड मडक्यांची असते, खालचं काढलं की सगळी कोसळते. इथे औषधाने मेक अडवला तर पेशी पीआय3के-एकेटी या दुसऱ्या प्रथिनांची वाट धरते, औषध निकामी ठरण्याचं ते एक कारण.

तिरकस: 'वाट' कोण म्हणालं?

ओवी: मूळ वाक्यही अर्धंच खरं आहे. सुरुवातीला टीजीएफ-बीटा पेशींचं विभाजन रोखतो, गाठ बळावल्यावर तोच पसरायला मदत करतो. आणि पुढे कॅन्सर यकृतात पोचून झालेल्या गाठीला 'यकृतातील दुय्यम गाठ' लिहिलं असेल तर तेही बदला. दुय्यम म्हणजे लोक कमी महत्त्वाची समजतात.

तिरकस: 'रुजलेली गाठ'. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने 1889 साली कॅन्सर पसरण्याला बी आणि जमिनीचीच उपमा दिली होती.

अनुस्वार: रुजणं फार शुभ वाटतं हो. 'पसरलेली'?

खलबत्ता: ती जागच्या जागी फैलावल्यासारखी वाटते. यकृतातला तुकडा तपासला तर पेशी अन्ननलिकेच्याच निघतात, औषधही त्यानुसारच ठरतं. शब्दातून हे कळायला हवं.

ओवी: मग 'अन्ननलिकेतून आलेली गाठ'.

तिरकस: तीन शब्द! पारिभाषिक संज्ञा एका शब्दाची हवी.

ओवी: पत्रक परिभाषा समिती वाचणार आहे का?