लॅबर्नम म्हणजे आपला बहावा नव्हे

"लॅबर्नम म्हणजे बहावाच ना, मग त्याचा सॅलड बाऊल करायला काय हरकत?" असं एकाने विचारलंय. हरकत आहे. बहाव्याला इंग्रजीत 'इंडियन लॅबर्नम' म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. पिवळे घोस सारखे दिसतात, पण झाडं वेगळी. बहाव्याची शेंग काळी, लांब, नळीसारखी आणि गर रेचक. इंग्लंडातल्या बागांमधल्या लॅबर्नमची शेंग चपटी, वाटाण्यासारखी, आणि बिया चांगल्याच विषारी. सायटिसीन नावाचं ते विष निकोटीनसारखंच काम करतं. सिगारेट सोडवायच्या गोळ्यांतही तेच वापरतात!

विष झाडाच्या सगळ्या भागांत असतं, त्यामुळे वाटी, चमचा, पोळपाट असलं काही नको. लाकूड लेथवर कातताना आणि विशेषतः पॉलिशपेपर मारताना चांगला मास्क लावा, धूळ ओढून घेणारं यंत्र चालू ठेवा. नुसता रुमाल बांधून भागत नाही. भुसा जनावरांखाली पसरू नका.

एवढं सोडलं तर लाकूड देखणं आहे हो! बाहेर फिकट पिवळं, आत गडद तपकिरी गाभा. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लिश सुतार फांद्यांच्या आडव्या चकत्या कापून कपाटांवर जडवायचे. शिंपल्यांसारख्या दिसतात म्हणून त्याला 'ऑयस्टर' (शिंपला) व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला पातळ लाकडी थर, म्हणतात. स्कॉटलंडच्या जुन्या बॅगपाइप वाद्यांतही हे लाकूड सापडतं.

झाड लहानखुरं, त्यामुळे मोठी फळी विसरा. मुठी, पेनं, बुद्धिबळाच्या सोंगट्या झकास होतात. ओंडका कापल्या कापल्या टोकांना मेण लावा, नाहीतर तडकतो.