मदत हवी आहे: फोरट्रान ७७ चा जुना कोड चालवायचाय, शिकायला सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,
मी एमएस्सीला आहे, विषय वातावरणशास्त्र. प्रोजेक्टसाठी सरांनी पावसाच्या डेटाचा एक प्रोग्राम दिलाय, फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या ७७ या आवृत्तीतला, सगळा कॅपिटलमध्ये. पायथन मला बऱ्यापैकी येतं, नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) रोज वापरते, पण हे वाचताना पार डोक्यावरून जातंय. उबुंटूवर जीफोरट्रान हा कंपायलर टाकलाय, हॅलो वर्ल्ड चाललं. सरांची फाइल मात्र डॉट एफ९० नावाने आलीये आणि कंपाइल केली की कॉमेंटच्या ओळींवरच 'अनक्लासिफायेबल स्टेटमेंट' अशा एररची रांग लागते. शिवाय आय आणि एन कुठेच डिक्लेअर केलेले नाहीत तरी इंटिजर म्हणून चालतात, ते कसं? आधी ७७ शिकू की थेट त्यानंतरची ९० आवृत्ती? सगळं पायथनमध्ये लिहून काढावं असंही मनात येतं, पण सर म्हणतात डब्ल्यूआरएफसारखी हवामान अंदाजाची मॉडेल्स आजही फोरट्रानमध्येच आहेत, हवामानात काम करायचं तर हे टाळून चालणार नाही, आणि मलाही ते नीट शिकायचंच आहे, नुसता प्रोग्राम चालवून मोकळं व्हायचं नाहीये. प्लीज सांगा.

प्रतिसाद:
गडबड फाइलच्या नावात आहे. ७७ ची मांडणी पंचकार्डांच्या काळातली. पहिले ५ कॉलम लेबलला, सहाव्यात शून्य सोडून काही असलं की ती ओळ मागच्या ओळीला जोडलेली, खरा कोड ७ ते ७२ मध्ये, आणि पहिल्याच कॉलममध्ये सी असला की कॉमेंट. डॉट एफ९० दिसलं की कंपायलर मोकळी, म्हणजे कॉलमचं बंधन नसलेली मांडणी धरून चालतो, मग तो सी त्याला कळत नाही. नाव बदलून डॉट एफ करा. आणि हे नीट बघा, ७२ च्या पुढची अक्षरं तो वाचतच नाही, व्हेरिएबलचं शेवटचं अक्षर कापलं गेलं तर दुसराच व्हेरिएबल तयार होतो आणि एरर न येता उत्तर चुकतं. म्हणून वॉल (-Wall) ऑप्शन लावूनच कंपाइल करा, म्हणजे अशा ठिकाणी वॉर्निंग मिळते.

डिक्लेअर न केलेलं नाव आय ते एन यातल्या अक्षराने सुरू झालं तर इंटिजर, नाहीतर रिअल. स्वतः लिहाल तेव्हा सुरुवातीलाच इम्प्लिसिट नन टाका, म्हणजे डिक्लेअर न केलेलं नाव आलं की एरर येईल.

शिका ९०, ७७ वाचता आलं की पुरे. पायथनची सवय इथे नडते ती अशी: अ‍ॅरे १ पासून सुरू होतो, १/२ चं उत्तर ० येतं (दोन्ही इंटिजर म्हणून), आणि मेमरीत पहिला इंडेक्स सगळ्यात भरभर फिरतो, म्हणजे तो एकाने वाढला की शेजारचाच आकडा येतो, नमपायच्या नेहमीच्या मांडणीच्या नेमकं उलट, त्यामुळे आतला लूप पहिल्या इंडेक्सवर ठेवा. एका स्टेशनची मासिक सरासरी स्वतः लिहा आणि पायथनच्या उत्तराशी ताळा करून बघा.

मूळ धागाकर्ती:
खूप खूप आभार! डॉट एफ केलं, सगळ्या एरर गेल्या. आता एकच वॉर्निंग उरलीये, कॉमन ब्लॉकची साइझ दोन सबरूटीनमध्ये वेगळी आहे म्हणे. सोडून देऊ का?

प्रतिसाद:
अजिबात नको. कॉमन ब्लॉक म्हणजे सबरूटीन मिळून वापरतात ती मेमरी, आणि त्यातले व्हेरिएबल नावाने नाही, क्रमाने जुळतात. एकीकडे अ‍ॅरे लहान असेल तर त्याच्या पुढचं सगळं सरकतं. दोन्ही डिक्लेरेशन इथे टाका, बघू.